आधी डोळे, मग हात

रात्री घाट चढताना समोरून येणारा ट्रक दिव्यांची उघडझाप करतो, तेव्हा आपल्याकडच्या ड्रायव्हरला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘मी येतोय, तू थांब.’ ब्रिटनमध्ये तीच उघडझाप बहुतेकदा ‘आधी तू जा’ म्हणून केली जाते. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर लावतो. कधी तो खरोखर वळणार असतो, कधी मागच्याला ‘रस्ता मोकळा आहे, काढ गाडी’ असं सांगत असतो. यातलं कोणतं, ते मागच्याने ताडायचं. एसटीच्या कंडक्टरची दुहेरी घंटी, ट्रक मागे घेताना क्लीनरची पत्र्यावरची थाप आणि त्याचं ‘येऊ दे, येऊ दे’ हीसुद्धा गाड्यांची बोलीच. चालकविरहित आणि ‘कनेक्टेड’ गाड्यांबद्दल जे काही चाललं आहे, ते मुळात ही बोली यंत्राला शिकवण्याची खटपट आहे. त्यात दोन वेगळी कामं आहेत. एक, गाडीने स्वतः पाहून स्वतः चालणं. दुसरं, गाडीने इतर गाड्यांशी, सिग्नलशी, कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं. वर्तमानपत्रांत पहिल्या कामाचे फोटो येतात. दुसरं काम मात्र केव्हाच आपल्या गाडीत शिरून बसलं आहे.

चालकाशिवाय गाडीचं स्वप्न जुनं आहे. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ नावाचा देखावा मांडला होता आणि त्यात आपोआप चालणाऱ्या गाड्यांचे महामार्ग दाखवले होते. प्रत्यक्ष रस्त्यावर पहिलं मोठं काम जर्मनीत झालं. म्युनिकच्या लष्करी विद्यापीठातले अर्न्स्ट डिकमान्स यांनी 1980 च्या दशकात एका व्हॅनवर कॅमेरे आणि संगणक चढवले. 1995 मध्ये त्यांची मर्सिडीज म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेपर्यंत जाऊन परत आली. सुमारे 1,750 किलोमीटरच्या या प्रवासात बहुतांश वेळ गाडी यंत्राच्याच ताब्यात होती आणि काही ठिकाणी वेग ताशी 175 किलोमीटरवर गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी पिट्सबर्गहून सॅन दिएगोला गेली, तिचंही स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण प्रवासभर संगणकच सांभाळत होता. म्हणजे तीस वर्षांपूर्वी महामार्गावर गाडी आपोआप चालली होती. मग इतकी वर्षं अडलं कुठे?

अडलं ते उरलेल्या थोड्याशा भागात. सरळ रस्ता, ठळक पट्टे, एकाच दिशेने जाणारी वाहनं एवढं यंत्राला लवकर जमलं. अनपेक्षित गोष्टीपाशी ते अडखळत राहिलं. 13 मार्च 2004 रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने मोहावेच्या वाळवंटात शर्यत घेतली. अंतर सुमारे 228 किलोमीटर, बक्षीस दहा लाख डॉलर. सर्वात पुढे गेलेली गाडी जेमतेम 12 किलोमीटरवर थांबली. दीडच वर्षाने, 2005 मध्ये, स्टॅनफर्डच्या ‘स्टॅन्ली’ने 212 किलोमीटरचा मार्ग सात तासांच्या आत पुरा केला आणि तिच्यामागून आणखी चार गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. स्टॅन्लीच्या गटाचे प्रमुख सेबास्टियन थ्रून यांना घेऊन गुगलने 2009 मध्ये जो प्रकल्प सुरू केला, तोच आजची वेमो.

वेमोने 2020 मध्ये फिनिक्स शहराच्या परिसरात चालकाच्या जागी कोणीही नसलेली टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली केली. एप्रिल 2025 पर्यंत तिच्या आठवड्याला अडीच लाख भाड्याच्या फेऱ्या होत होत्या. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये आज ही गाडी कुतूहलाची वस्तू राहिलेली नाही, लोक तिने कामावर जातात. चीनमध्ये बायडू कंपनीच्या शेकडो गाड्या वुहानच्या रस्त्यांवर धावतात. जपानने एप्रिल 2023 पासून कायद्याने परवानगी दिली आणि फुकुई प्रांतातल्या एइहेजी या लहानशा गावात ठरलेल्या मार्गावर चालकविरहित वाहनं सुरू केली.

या सगळ्या गाड्यांना हद्द आखून दिलेली असते. तेवढ्या शहराचा कोपरान् कोपरा आधी मोजून नकाशात भरलेला असतो. आठवडी बाजारातून रात्री परतणारा गाडीवान गाडीतच झोपायचा आणि बैल त्याला बरोबर दारात आणून सोडायचे, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत सांगितलं जातं. बैलांना ती वाट पायाखालची होती. दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडलं असतं, तर ते तिथेच उभे राहिले असते. आजची रोबोटॅक्सी त्या बैलजोडीच्या टप्प्यावर आहे, आणि हा टप्पा छोटा नाही. फक्त ‘कुठेही, केव्हाही, कोणत्याही हवेत’ या वचनापासून तो बराच दूर आहे. ते वचन सर्वात मोठ्याने देणाऱ्या टेस्लाच्या एलॉन मस्क यांनी 2016 मध्ये सांगितलं होतं की 2017 संपायच्या आत त्यांची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला कोणाचाही हात न लागता जाईल. 2019 मध्ये त्यांनी पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी येतील असं म्हटलं. दोन्ही झालं नाही. जून 2025 मध्ये ऑस्टिनमध्ये टेस्लाची टॅक्सी सुरू झाली, ती मोजक्या गाड्यांनिशी आणि आत कंपनीचा माणूस बसवून.

मालवाहतुकीतही चित्र असंच आहे. ऑरोरा कंपनीने 2025 च्या उन्हाळ्यापूर्वी डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर रिकाम्या केबिनचा ट्रक चालवला. काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून केबिनमध्ये पुन्हा माणूस बसवावा लागला.

अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेने 2014 मध्ये शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवून दिल्या. शून्यावर सगळं माणसाकडे, पाचवर सगळं यंत्राकडे. या विषयावरच्या बहुतेक लेखांत या पायऱ्या एखाद्या जिन्यासारख्या मांडलेल्या असतात, जणू एक चढलो की दुसरी आपसूक येते. मला ही मांडणीच घातक वाटते. दुसरी आणि तिसरी पायरी ही खालच्या पायऱ्यांपेक्षा अधिक धोक्याची आहे, कारण तिथे गाडी चालवतं यंत्र आणि संकटात मात्र हाक मारली जाते माणसाला. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्येच एका शोधनिबंधात हे नेमकं मांडलं होतं. यंत्र जितकं चांगलं, तितका त्यावर नजर ठेवणारा माणूस सरावाबाहेर जातो, आणि यंत्र हात टेकतं ते सर्वात अवघड क्षणी. तेव्हा चर्चा कारखान्यांची होती, आज ती एक्स्प्रेसवेची आहे. आपल्याकडे चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांतून 2021 नंतर दुसऱ्या पायरीची यंत्रणा मध्यमवर्गाच्या हाती आली. ती चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण स्टिअरिंग सोडून गप्पा मारणाऱ्या हौशी लोकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले, ते पाहून पोटात गोळा येतो. पट्टा धरून चालणं आणि रस्ता समजणं यांत फरक आहे, हे त्या लोकांना विक्रेत्याने सांगितलं होतं का?

रस्ता समजणं म्हणजे काय, ते 18 मार्च 2018 च्या रात्रीने शिकवलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात उबर कंपनीची चाचणीतली गाडी एका बाईंना धडकली आणि त्या गेल्या. चालकविरहित यंत्रणेच्या गाडीखाली पादचारी मरण्याची ती पहिली नोंद. त्या सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाचा चौकशी अहवाल नोव्हेंबर 2019 मध्ये आला. गाडीच्या रडारने त्यांना धडकेच्या 5.6 सेकंद आधी टिपलं होतं. त्या वेगाला एवढा वेळ थांबायला पुरेसा होता. पण यंत्रणा त्यांना आधी वाहन समजली, मग ‘इतर वस्तू’, मग सायकल, आणि पुन्हा उलटसुलट. दर वेळी नाव बदललं की तोवर टिपलेली त्यांची वाटचाल पुसली जायची आणि हिशोब नव्याने सुरू व्हायचा. या गोंधळाचं मूळ एका गृहीतात होतं. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हा विचार त्या यंत्रणेच्या रचनेतच केलेला नव्हता. मूळ व्होल्वो गाडीत असलेली आपोआप ब्रेक लावायची सोयही चाचणीदरम्यान बंद ठेवली होती. देखरेखीला बसवलेली व्यक्ती त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती.

हे गृहीत पुण्यातल्या कोणत्याही पेठेत, दादर स्टेशनबाहेर, किंवा गावातून गेलेल्या राज्य महामार्गावर पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही. आपल्याकडे रस्ता ओलांडण्याची जागा म्हणजे जिथे पाय पोचतील ती. म्हणून टेम्पीचा अहवाल मला आपल्यासाठी इतर सगळ्या कागदपत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. त्या प्रकरणात शिक्षा झाली ती देखरेखीच्या व्यक्तीला. कंपनीवर गुन्हा चालवण्यासारखं काही नाही, असं सरकारी वकिलांनी 2019 मध्येच ठरवलं होतं.

यंत्र माणसापेक्षा सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं उत्तर प्रचारात फार सहज दिलं जातं. अमेरिकेत 94 टक्के अपघातांमागे चालक असतो, हा आकडा हमखास फेकला जातो. ज्या सरकारी टिपणातून तो आला, तिथेच लिहिलं आहे की ही साखळीतली शेवटची कडी आहे आणि तिला अपघाताचं कारण समजू नये. खड्डा चुकवताना चालकाने चाक वळवलं, तर शेवटची कडी चालकाची, पण खड्डा कोणाचा? रँड या संशोधन संस्थेतल्या निधी कालरा आणि सुसान पॅडॉक यांनी 2016 मध्ये हिशोब मांडला की मृत्यूंच्या बाबतीत यंत्र माणसाइतकं तरी बरं आहे हे खात्रीने म्हणायला एकही मृत्यू न होता सुमारे 44 कोटी किलोमीटर चालावं लागेल. शंभर गाड्या रात्रंदिवस फिरवल्या तरी त्याला साडेबारा वर्षं लागतात.

या कसोटीवर वेमोने तिच्या संशोधकांमार्फत 2025 मध्ये आकडेवारी दिली. सुमारे 9 कोटी किलोमीटरच्या प्रवासात, त्याच भागांतल्या माणसांच्या गाड्यांशी तुलना करता, गंभीर इजेचे अपघात 85 टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांना इजा होणारे 92 टक्क्यांनी कमी. आकडे कंपनीचे आहेत आणि मृत्यूंबद्दल बोलायला ते अजून पुरेसे नाहीत, पण अभ्यास तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध झाला आहे, आणि तो हलक्याने बाजूला सारण्यासारखा नाही. माझं मत असं, की आखलेल्या हद्दीत, उत्तम नकाशा आणि महागडे लेसर डोळे असलेल्या गाडीने आपली योग्यता दाखवली आहे. दुसऱ्या बाजूला क्रूझ कंपनीचं उदाहरण आहे. 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक स्त्री क्रूझच्या चालकविरहित गाडीखाली आली. गाडी थांबली, आणि मग ‘बाजूला व्हावं’ म्हणून त्या बाईंना सुमारे सहा मीटर फरपटत घेऊन गेली. गाडीखाली कोणी आहे हे तिला कळलंच नाही. कॅलिफोर्नियाने परवाना स्थगित केला आणि डिसेंबर 2024 मध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीवरचा खर्चच थांबवला.

आता दुसऱ्या, न दिसणाऱ्या कामाकडे येतो. गाड्यांनी एकमेकींशी बोलावं म्हणून अमेरिकेने 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात खास लहरी राखून ठेवल्या. वळणापलीकडच्या गाडीने ब्रेक लावला तर मागच्या चार गाड्यांना क्षणात कळावं, अशी कल्पना. आपल्या घाटातल्या ‘वळणावर हॉर्न वाजवा’ या पाटीचंच ते रेडिओतलं रूप. वीस वर्षं गेली, पण त्या लहरींवर बोलणाऱ्या गाड्या फारशा आल्याच नाहीत. 2020 मध्ये सरकारने त्यातला निम्म्याहून जास्त भाग वाय-फायला देऊन टाकला. बोलणाऱ्या गाडीचा फायदा समोरचीही बोलत असेल तरच होतो. पहिल्या खरेदीदाराला त्यातून काहीच मिळत नाही, त्यामुळे सक्ती केल्याशिवाय अशी गोष्ट रुजत नाही. युरोपने जिथे सक्ती केली तिथे ती रुजली. मार्च 2018 नंतर मंजूर झालेल्या मोटारींच्या प्रत्येक नव्या मॉडेलला तिथे अपघात होताच आपोआप मदतीचा फोन लावणारी यंत्रणा बंधनकारक आहे.

पण कंपनीच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या गाड्या मात्र भराभर वाढल्या, कारण त्यात कंपनीचा फायदा होता. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी दूर घरात बसून महामार्गावरच्या एका जीप गाडीचं ट्रान्समिशन निकामी करून दाखवलं. आत त्यांना ओळखणारा पत्रकार होता, म्हणून निभावलं. कंपनीला 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सच्या गाड्या चालकाचं जोरात ब्रेक लावणं, रात्रीचं फिरणं नोंदवत होत्या आणि ती माहिती विमा कंपन्यांपर्यंत पोचून लोकांचे हप्ते वाढत होते, हे 2024 मध्ये उघड झालं. अमेरिकी व्यापार आयोगाने जानेवारी 2025 मध्ये त्यावर पाच वर्षांची बंदी सुचवली. जुनी थ्री-जी सेवा 2022 मध्ये बंद झाली तेव्हा तिथल्या लाखो चांगल्या गाड्यांची आणीबाणीच्या मदतीची सोय मुकी झाली. फोन दोन वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षं वापरली जाते. या दोन आयुष्यांचा मेळ घालायची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

20 डिसेंबर 2025 ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या भागात वीज गेली. सिग्नल विझले आणि वेमोच्या गाड्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या. असे विझलेले चौक ओलांडताना गाड्या कधी कधी दूर कार्यालयात बसलेल्या माणसाकडे ‘जाऊ का?’ म्हणून खात्री करून घेतात, आणि त्या संध्याकाळी एकदम इतक्या गाड्यांनी विचारलं की उत्तरं यायला उशीर झाला. चालकाची खुर्ची रिकामी झाली तरी माणूस पूर्णपणे गेलेला नव्हता, तो शहराबाहेरच्या पडद्यामागे बसला होता. आपल्याकडे वीज जाणं ही बातमी नसते, हे लक्षात घेऊन या घटनेकडे पाहायला हवं.

भारतात 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यात दुचाकीवरची 74,897 आणि पायी चालणारी 32,825. दोन्ही मिळून निम्म्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे आपल्याकडे मरणारा माणूस बहुधा गाडीच्या बाहेर असतो. चालकविरहित मोटारीची सारी जाहिरात मात्र आत बसलेल्याच्या आरामाची आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितलं की अशा गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही, कारण 70 ते 80 लाख चालकांचा रोजगार जाईल. ही चिंता खरी आहे. ट्रकवर आयुष्य काढणारी कुटुंबं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, ते ती हसण्यावारी नेणार नाहीत. पण नुसत्या नकाराने चालकाचं भलं होत नाही. सोळा-सोळा तास चाकावर बसणाऱ्या माणसाला डुलकी लागली तर जागं करणारं, समोर माणूस आला तर त्याच्याआधी ब्रेक दाबणारं यंत्र त्याचा घास काढून घेत नाही, त्याचा जीव वाचवतं. रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये मोठ्या बस-ट्रकसाठी नेमक्या अशाच यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. नागपूर-मुंबईचा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. मैलोन् मैल न वळणाऱ्या त्या रस्त्यावर रात्री येणारी गुंगी हा आता महाराष्ट्राचा आपला प्रश्न आहे, आणि तो सोडवायला रोबोटॅक्सीची वाट पाहायची गरज नाही.

यंत्राच्या डोळ्यांना आपला रस्ता शिकवण्याचं कामही इथे सुरू झालं आहे. जगभर वापरली जाणारी ‘सिटीस्केप्स’ ही छायाचित्रांची मालिका मुख्यतः जर्मन शहरांची. तिच्यावर वाढलेल्या यंत्राला रिक्षा ठाऊकच नसते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने बेंगळुरू आणि हैदराबादच्या रस्त्यांवरची 10,000 छायाचित्रं 34 प्रकारांत लावून भारतीय संच तयार केला. त्यात रिक्षा वेगळी आहे, जनावर वेगळं आहे, आणि डांबराशेजारची, वेळ पडल्यास चाक उतरवता येईल अशी मातीची कडसुद्धा वेगळी आहे. ही कड ओळखणं म्हणजे आपला रस्ता ओळखणं. पुण्यात 1966 पासून वाहनांची परीक्षा घेणारी एआरएआय आहे, हिंजवडीत जगातल्या मोटार कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी केपीआयटी आहे. जर्मनीच्या गाड्यांची बुद्धी लिहिणारे मराठी हात कमी नाहीत. कायद्यात मात्र आपण मागे आहोत. जर्मनीने 2021 मध्ये आणि ब्रिटनने 2024 मध्ये, यंत्र चालवत असताना दोष कोणाचा हे लिहून काढलं. ब्रिटनच्या कायद्यात तो आत बसलेल्या माणसावरून काढून परवानाधारक कंपनीवर टाकला आहे. आपला मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि चाकामागे माणूस असणारच हे धरून चालतो.

या सगळ्या आढाव्यात मला सर्वात आशेचं वाटलं ते नागपूरचं काम. 2021 मध्ये तिथे ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद, केंद्राची रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा असे सगळे त्यात आले. शहर बसच्या काचेवर कॅमेरा बसवला. समोर कोणी अचानक आलं, अंतर फार कमी झालं, की तो ड्रायव्हरला टोकतो. चाक ड्रायव्हरच्याच हातात राहतं. आणि जिथे जिथे असा इशारा वाजला, त्या जागा नकाशावर जमा होतात. जिथे रोज धडक होता होता राहते, त्या जागेला तिथे ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. पाहणारी यंत्रं आणि बोलणारी यंत्रं इथे एकत्र येतात, आणि फायदा होतो तो बसबाहेर चालणाऱ्या माणसाचा.

एसटी, पीएमपी आणि बेस्टच्या गाड्यांत हेच बसवा आणि प्रत्येक शहराचा तो नकाशा दर महिन्याला लोकांपुढे ठेवा, ही मागणी आपण नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे केली पाहिजे. कारण राष्ट्रीय महामार्गावरचा 500 मीटरचा तुकडा सरकारी व्याख्येत ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला आजही तीन वर्षांत पाच जीवघेणे वा गंभीर अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात.